अवधाण

अनवाणी हुंदडून आलेलं पोर रात्री कण्हायला लागलं, की आजीचा हात आधी त्याच्या कपाळावर जायचा आणि मग जांघेत. बोटांनी चाचपून झालं की म्हणायची, ‘‘अवधाण आलंय. कुठं लागलंय रे? पाय दाव बघू.’’ मग कंदिलाच्या उजेडात टाचेत मोडलेला बाभळीचा काटा सापडायचा, नाहीतर अंगठ्याची ठेच पिकलेली निघायची. सुईनं काटा निघाला, वर हळदीचा लेप बसला, की चार-आठ दिवसांत जांघेतली गाठ आपोआप विरायची. तिच्यावर कुणी काही लावलेलं नसायचं.

दुखायची जांघ आणि आजी शोधायची पायात. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही पुढे हेच शिकवतात. जांघेत गाठ लागली तर पाय बघा. काखेत लागली तर हात आणि छाती बघा. मानेत लागली तर घसा, दात, कान बघा, आणि लहान मूल असेल तर डोक्यातल्या उवा आणि फोडही बघा. प्रत्येक गाठीचा मुलूख ठरलेला असतो. त्या मुलखात काही बिघडलं की त्याची वर्दी त्या गाठीपर्यंत जाते. ही वर्दी कोण नेतं, कोणत्या वाटेनं नेतं आणि ती पोचल्यावर गाठ का सुजते, हे कळलं की शरीराचं संरक्षण कसं चालतं ते बरंचसं कळतं.

आधी वाट पाहू.

रक्तवाहिन्या आपण समजतो तितक्या घट्ट नसतात. सगळ्यांत बारीक केशवाहिन्यांच्या भिंती पाझरतात, आणि पाझरायलाच हव्यात. पेशींना पाणी, साखर, क्षार पोचायचे ते याच पाझरातून. पाझरलेलं बहुतेक पाणी तिथल्या तिथे रक्तात परततं, पण सगळं नाही. दिवसाकाठी दोन-तीन लिटर पाणी पेशींच्या फटींत मागे उरतं. मोठ्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, सगळा मिळून जेमतेम तीन लिटर भरतो. मागे उरलेलं हे पाणी परत आणायची सोय नसती, तर एका दिवसात माणूस सुजून आडवा झाला असता आणि वाहिन्यांत नुसत्या तांबड्या पेशींचा चिखल उरला असता.

ही सोय म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांची सुरुवात पेशींच्या गर्दीत बंद तोंडाच्या बोटांसारखी होते. भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर पाणी साचून दाब वाढला की फट उघडते, पाणी आत शिरतं आणि आतून दाब आला की फट मिटते. आत शिरलेल्या त्या पाण्याला लसीका म्हणायचं. पुढे वाहिन्या मोठ्या होत जातात, ठिकठिकाणी एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा लागतात. शेवटी दोन्ही पायांची, पोटाची आणि डाव्या अंगाची लसीका छातीतून वर चढणाऱ्या एका नळीत गोळा होते आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरेत ओतली जाते. उरलेल्या उजव्या वरच्या भागाची लसीका उजव्या बाजूला ओतली जाते.

या सगळ्या कारभाराला स्वतःचं हृदय नाही. बेडकाला आहे, त्याच्या अंगात लसीका ढकलणारी छोटी हृदयं धडधडत असतात. आपल्याकडे वाहिन्यांच्या भिंती थोड्या आकुंचन पावतात, आणि बाकीचं काम चालताना पिळवटणारे स्नायू आणि वरखाली होणारा श्वास करतात. रात्रभर एसटीत पाय लोंबकळत बसलं की सकाळी चपला घट्ट होतात त्या यामुळेच. स्टँडवर उतरून दहा मिनिटं चाललं की पाऊल पुन्हा चपलेत मावतं.

माणसाला ही वाट सापडली तीही चुकून. १६२२ च्या जुलैत गास्पारे असेली हा इटालियन शरीरशास्त्रज्ञ मिलानमध्ये मित्रांना एका कुत्र्याच्या मज्जातंतूंचं विच्छेदन दाखवत होता. कुत्रा नुकताच भरपेट जेवलेला होता. पोट उघडलं तर आतड्यांवर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं. त्याला वाटलं मज्जातंतूच असतील. एक दोरा कापला, तर आतून दुधासारखा द्रव आला. दुसऱ्या दिवशी उपाशी कुत्र्यावर पाहिलं तर काहीच दिसेना. असेलीनं बरोबर ताडलं, की हे अन्नाचं सत्त्व नेणारे मार्ग आहेत आणि जेवणानंतरच ते भरतात. पण ते सगळे यकृताकडे जातात असं त्यानं धरून टाकलं, कारण जुन्या ग्रंथांत तसं लिहिलं होतं. ती वाट छातीतल्या नळीतून मानेकडे जाते हे फ्रान्सच्या झाँ पेके यानं १६५१ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे श्रीखंड-पुरीच्या जेवणातली साखर यकृतामार्गे जाते, पण पुरीतल्या तेलाचा आणि चक्क्यातल्या सायीचा मोठा वाटा या आडवाटेनं, यकृताला वळसा घालून, थेट मानेत निघतो. पुढे १६५३ मध्ये डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिननं या वाहिन्यांना नाव दिलं ते स्वच्छ पाण्याच्या लॅटिन शब्दावरून.

मराठीत आपण त्या पाण्याला लसीका म्हणतो, आणि जखम पुसल्यावर वर जमणाऱ्या फिकट चिकट पाण्याला लस. टोचायच्या औषधालाही लसच. हा गोंधळ नाही, शब्दात इतिहास राहून गेलाय. एडवर्ड जेन्नरच्या १७९६ च्या प्रयोगानंतर देवीवर जे टोचलं जायचं ते खरोखर फोडातलं पाणी होतं. ते १८०२ साली बगदाद-बसऱ्याच्या वाटेनं मुंबईत आलं, १४ जूनला अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर टोचलं गेलं, आणि तिच्या फोडातल्या लसीनं पुढच्या मुलांना, त्यांच्या फोडांतून आणखी पुढच्यांना, अशी साखळी पुण्या-सुरतेपर्यंत गेली. बर्फ नाही, फ्रिज नाही. लस माणसांच्या दंडांवरून चालत गेली.

तर लसीकेच्या या वाटेवर ठाणी आहेत, त्या लसीकाग्रंथी. एका माणसाच्या अंगात लसीकाग्रंथींची संख्या सहाशेच्या आसपास भरते. निरोगी ग्रंथी तांदळाच्या दाण्यापासून पावट्याच्या बीएवढ्या असतात आणि बहुतेक हाताला लागतही नाहीत. मान, काखा, जांघा आणि पोटात आतड्याभोवती त्या दाटीनं असतात. लसीका एका ग्रंथीत अनेक वाहिन्यांनी शिरते आणि एक-दोन वाहिन्यांनीच बाहेर पडते, त्यामुळे आत तिचा वेग मंदावतो. या मंद पाण्यात पेशी बसलेल्या असतात, येणारं जाणारं न्याहाळत. रक्तावर नजर ठेवायचं हेच काम प्लीहा करते, जिला गावाकडे पाणथरी म्हणतात आणि हिवतापाच्या दिवसांत जिचं नाव घरोघर माहीत होतं. घशातल्या टॉन्सिल्स आणि आतड्याच्या भिंतीतले पट्टे हेही याच खात्याचे. एकेकाळी मुलाचा घसा दोनदा दुखला की टॉन्सिल्स काढून टाकायची टूम होती. ती ओसरली हे चांगलं झालं.

आता काट्याकडे येऊ, कारण या शास्त्राची एक मोठी गोष्ट काट्यापासूनच सुरू होते.

१८८२ साल. सिसिली बेटावरच्या मेसिना गावात इल्या मेचनिकॉव हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरात एकटा होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या काचेसारख्या आरपार अळ्या होत्या आणि त्यांच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर चालून जात असतील का? पाहायला काय हवं? काटा. बागेत मुलांच्या नाताळासाठी सजवलेलं संत्र्याच्या जातीचं झाड होतं. त्याचे काटे त्यानं अळ्यांच्या पातळ कातडीखाली खुपसले आणि रात्र तळमळत काढली. सकाळी पाहतो तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला. त्यानं त्यांना भक्षक पेशी म्हटलं. १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं.

टाचेत बाभळीचा काटा मोडला की हेच घडतं. कातडी हा पहिला कोट. डोळ्यांतलं पाणी, लाळ, पोटातलं आम्ल हे त्याच्या जोडीचे. काटा कोट फोडतो आणि सोबत माती, शेण, जंतू घेऊन आत जातो. तिथे मुक्कामाला असलेल्या भक्षक पेशी आरोळी ठोकतात, म्हणजे रसायनं सोडतात. त्यांनी केशवाहिन्या सैलावतात, रक्त वाढतं, पाणी जास्त पाझरतं. जागा लाल, गरम, सुजलेली आणि ठणकणारी होते ती यामुळे. रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. अस्थिमज्जेत या पेशी दिवसाला साधारण दहा हजार कोटी तयार होतात, इतक्या त्या स्वस्त आहेत आणि इतक्या लवकर मरतात. जंतू गिळतात, आतल्या आत विषारी रसायनांनी मारतात आणि स्वतःही संपतात. ठेच पिकली म्हणून आपण जो पू पिळून काढतो, तो बहुतांशी या मेलेल्या पेशींचा खच असतो.

ही झाली पहिल्या काही तासांची झटापट. इथे शत्रू कोण, कुठला, याची चौकशी नसते. जंतूंच्या अंगावर असलेल्या आणि आपल्या अंगावर नसलेल्या काही ठरावीक खुणा दिसल्या की पुरे. पुष्कळ वेळा काम इथेच आटपतं आणि अवधाण यायची वेळच येत नाही. पण जंतू चिवट असला तर नेमका इलाज लागतो, आणि तो टाचेत तयार होत नाही. तो जांघेत तयार होतो.

वर्दी नेणारी पेशी वेगळी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली ती ओळखली. फांद्या फुटलेल्या झाडासारखी दिसते म्हणून तिचं नाव डेंड्रायटिक पेशी. कित्येक वर्षं बरोबरीचे शास्त्रज्ञ तिला फारसं महत्त्व द्यायला तयार नव्हते. २०११ चं नोबेल स्टाइनमन यांना जाहीर झालं तेव्हा ते तीनच दिवसांपूर्वी गेलेले होते, आणि समितीला ते माहीत नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत. तरी निर्णय तसाच ठेवला.

ही पेशी कातडीत शांत बसून असते. धुमश्चक्री सुरू झाली की जंतू गिळते, पण लढत बसत नाही. त्याचे तुकडे करून आपल्या अंगावर मांडते आणि जागा सोडते. लसीकावाहिनीत शिरते आणि साधारण एका दिवसात जांघेतल्या ग्रंथीत पोचते. तिथे तिला एक ठरावीक टी पेशी भेटायला हवी, त्या तुकड्याशी जिचं नेमकं जुळेल अशी. अडचण एवढीच, की अशी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक असते.

ही भेट होते कशी? आठवडी बाजार आठवा. डोंगरातल्या दहा वाड्यांतली माणसं एकमेकांना हुडकत हिंडत नाहीत. सगळी बाजारच्या दिवशी बाजारच्या गावी येतात. बैल विकणारा तिथेच उभा असतो, घेणारा तिथेच येतो, सोयरिकीची बोलणीही तिथेच होतात. लसीकाग्रंथी हा असा बाजार, फरक इतकाच की तो रोज भरलेला असतो. वर्दी घेऊन आलेली पेशी एका जागी थांबते. लाखो टी पेशी तिच्यासमोरून जातात, चाचपतात, जुळलं नाही की पुढे सरकतात. बारा-चोवीस तास एका ग्रंथीत काढून लसीकेबरोबर बाहेर पडतात, मानेतून रक्तात जातात आणि रक्तातून पुढच्या ग्रंथीत उतरतात. जन्मभर त्यांचं हे फिरणं सुरू. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर हे दाखवेपर्यंत या पेशी कशासाठी आहेत हेच धड कळलेलं नव्हतं. त्यांनी छातीतल्या नळीतून लसीका बाहेर काढली तेव्हा पेशींचा साठा काही दिवसांत आटला. त्याच पेशी रक्तात परत घातल्या तर पुन्हा लसीकेत दिसू लागल्या. नळीतून रोज वाहणाऱ्या त्या असंख्य पेशी नव्या नव्हत्या, पुन्हापुन्हा फेरी मारणाऱ्या होत्या.

मला या साऱ्या यंत्रणेत सगळ्यांत नवलाची वाटते ती लढाई नव्हे, ही भेट. शरीराच्या संरक्षणाबद्दल बोलताना आपण सैनिक, तोफा, किल्ले असलं बोलतो, मीही वर बोललो. पण नेमका माणूस नेमक्या माणसाला वेळेवर भेटवणं हे तोफा डागण्यापेक्षा अवघड काम आहे.

भेट झाली की ती टी पेशी ग्रंथीतच थांबते आणि दुप्पट, चौपट, आठपट होत जाते. बाजारात आलेली माणसं परत जायची थांबतात, नवी येतच राहतात. गर्दी वाढते, वेष्टण ताणलं जातं, ग्रंथी ठणकते. अवधाण ते हेच. आजीला हाताला लागत होती ती आजाराची गाठ नव्हती, तयारीची होती.

तयार झालेल्या टी पेशींतल्या काही ग्रंथी सोडून जखमेकडे जातात, काही तिथेच राहून बी पेशींना चेतवतात. हे टी आणि बी कुठून आले तेही सांगण्यासारखं आहे. टी म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची ग्रंथी, जी लहानपणी मोठी असते आणि वयाबरोबर चरबीत विरते. १९६१ पर्यंत ती निरुपयोगी, उरलीसुरली समजली जायची. त्या वर्षी जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तर ते संसर्गापुढे हतबल झाले. बी हे अक्षर कोंबडीकडून आलं. पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळ फॅब्रिशियसची पिशवी म्हणून एक अवयव असतो. ब्रूस ग्लिक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं ती काढलेल्या कोंबड्या सहाध्यायाला वर्गातल्या प्रात्यक्षिकाला दिल्या, आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयारच होईनात. मोठ्या नियतकालिकानं लेख परत पाठवला. १९५६ मध्ये तो छापून आला कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. माणसात ती पिशवी नाही, ते काम अस्थिमज्जा करते. इंग्रजीत पिशवीचं पहिलं अक्षर घेऊन नाव पडलं. मराठी कानाला मात्र बी म्हटलं की पेरायचं बी ऐकू येतं, आणि तेही चुकीचं नाही. ग्रंथीत रुजलेल्या एका बी पेशीपासून आठवड्याभरात हजारो निपजतात आणि त्यातली प्रत्येक सेकंदाला हजारोंनी प्रतिपिंडं ओतू लागते.

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. एका जंतूच्या एका खाचेत ते बसतं, दुसऱ्यात बसत नाही. मग जगातल्या एकूण एक जंतूंसाठी, अजून निर्माणही न झालेल्या विषाणूंसाठी, प्रतिपिंडं आधीच कुठून आली? शरीरात जनुकं तर वीसेक हजारच. याचं उत्तर सुसुमु तोनेगावा यांना १९७६ मध्ये सापडलं आणि त्याबद्दल १९८७ चं नोबेल मिळालं. प्रत्येक बी पेशी आपल्या जनुकांचे काही तुकडे पत्त्यांसारखे पिसते आणि एक हात वाटून घेते. पानं थोडी, हात अगणित. शत्रू पाहून किल्ली घडवली जात नाही. अगणित किल्ल्या आधीच घडवून ठेवलेल्या असतात आणि कुलूप आलं की कोणती लागते ते पाहायचं.

आंधळेपणानं घडवलेल्या किल्ल्यांत काही आपल्याच घराच्या निघणार. म्हणून टी पेशींना थायमसमध्ये परीक्षा द्यावी लागते. आपल्याच ऊतींना डसणारी पेशी तिथेच मारली जाते. शंभरातल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. एवढ्या चाळणीतूनही काही निसटतात, त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्कोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. हा आवर सुटला की सांधे सुजणारा संधिवात, लहानपणीच इन्सुलिनवर आणणारा मधुमेह असे आजार होतात. परागकण नाकात गेल्यावर घरभर शिंकणारा माणूस प्रतिकारात कमी पडत नाही, त्याचा प्रतिकार उतू जातो. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं छापलेली बाटली दिसली की मला विचारावंसं वाटतं, कोणती पेशी वाढवताय, आणि कितीनं? पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचाही एक आजार आहे. त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतात. करोनाच्या दिवसांत घरोघर उकळलेल्या काढ्यानं घसा शेकला असेल. डेंड्रायटिक पेशीला त्यातून काही वर्दी मिळाली असेल असं मानायला जागा नाही.

तिला वर्दी देणारी एकच गोष्ट माणसानं शोधली, ती लस. आणि इथे मेचनिकॉवच्या काट्याची वाट मुंबईत येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. रुग्णांच्या जांघेत, काखेत गाठी होत्या. पिसू चावते ती बहुधा पायाला, म्हणून गाठ बहुधा जांघेत. ब्युबॉनिक हा शब्दच जांघेच्या ग्रीक नावावरून आला आहे. प्लेगच्या जंतूची चाल अशी, की भक्षक पेशीनं गिळलं तरी तो तिच्या पोटात तग धरतो आणि लसीकेच्या त्याच वाटेनं ग्रंथीत पोचतो. ज्या बाजारात त्याच्याविरुद्ध तयारी व्हायची, तो बाजारच तो पेटवून देतो. पिढ्यान् पिढ्या काट्याची खूण असलेलं अवधाण त्या वर्षी मृत्यूची खूण झालं. लोक गावं सोडून रानात झोपड्या घालून राहिले. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या, बायकांच्यासुद्धा, काखा-जांघा तपासल्या जात, आणि त्याचा संताप इतिहासात नोंदलेला आहे. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या जागेत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस बनवत होते. ओडेसाच्या विद्यापीठात ते मेचनिकॉवचे विद्यार्थी होते. जंतू रश्श्यात वाढवायचे, उष्णतेनं मारायचे आणि मेलेले जंतू टोचायचे अशी त्यांची रीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. मेलेला जंतू ग्रंथी पेटवू शकत नाही, पण त्याचे तुकडे बाजारात मांडता येतात. लाखातली ती एक पेशी हुडकायला जे दिवस जातात ते आधीच खर्ची पडलेले असतात. परळची त्यांची प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून उभी आहे.

लढाई संपली की वाढलेल्या बहुतेक पेशी मरतात आणि गाठ विरते. थोड्या मात्र मागे राहतात, त्या म्हणजे स्मृती. किती वर्षं? अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. आठ हजारांहून कमी वस्तीत सहा हजारांवर लोक आजारी पडले. तपासायला गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या ध्यानात आलं, की १७८१ च्या मागच्या साथीत ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर फिरकलाच नव्हता. माणसं बालपण विसरली असतील, त्यांच्या ग्रंथी विसरल्या नव्हत्या.

जांघेतली प्रत्येक गाठ मात्र विरणारी नसते. मानेत एकापाठोपाठ एक गाठी उठणारी गंडमाळ आपल्याकडे बहुतेक वेळा क्षयाची निघते. न दुखणारी, टणक, तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ असेल तर लेप लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी तपासतात त्या याचसाठी, की कर्करोगाच्या पेशीही पुष्कळदा याच वाटेनं निघतात. त्या ग्रंथी काढल्या तर कित्येक बायकांचा हात पुढे सुजतो. पाणी परत न्यायची वाटच तुटलेली असते.

आणि एक जीव असा आहे, ज्यानं या वाटेलाच घर केलं. हत्तीरोगाचा कृमी. गटारं आणि शौचालयांच्या टाक्यांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासाकडून तो येतो आणि पायाच्या, वृषणाच्या लसीकावाहिन्यांत दोऱ्यासारखा राहतो. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते. नर-मादीची ही जोडी पाच-सात वर्षं सहज जगते. संरक्षक पेशींची जिथून सतत ये-जा, त्याच वाटेवर इतकी वर्षं? कृमी त्या नियामक पेशींनाच आपल्या बाजूला वळवतो, शरीराचा आवर स्वतःसाठी वापरतो. पिल्लं रात्री रक्तात उतरतात, डास चावायच्या वेळी, म्हणून हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री करतात. वर्षानुवर्षं ताणून वाहिनी फोफशी होते, झडपा मिटेनाशा होतात, पाणी साचतं. सुजलेल्या पायाच्या भेगांतून पुन्हापुन्हा जंतू शिरतात, ताप येतो, जांघेत गोळा येतो, आणि दर तापामागे पाय जाड होत जातो. अशा माणसानं पाय रोज साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करणं हे औषधाइतकंच मोलाचं आहे. कृमी मेला तरी मोडलेल्या झडपा परत येत नाहीत.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात आरोग्यसेविका मोहिमेच्या दिवसांत घरोघर हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येतात. पुष्कळजण त्या घेतात, नंतर खातो म्हणतात आणि फडताळात टाकतात. मला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला, हा त्यांचा सवाल असतो. वाहिनीत बसलेला कृमी वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाही, हे त्याला उत्तर. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांनी जेवण झाल्यावर, सेविकेसमोरच, गोळ्या गिळून टाकाव्यात. त्या रात्री थोडा ताप आला, अंग मोडून आलं, तर बहुधा गोळीनं आत लपलेली पिल्लं मरत असतात आणि आजवर गप्प बसवलेलं शरीर त्यांची दखल घेत असतं.